बुडबुडे, तारापूर आणि एक मेकॅनिकल इंजिनिअर

मेकॅनिकलच्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये एक प्रयोग असा आहे, की सामान तुटल्याशिवाय तो पूर्णच होत नाही. क्रिटिकल हीट फ्लक्सचा. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ताणून बसवलेली केसासारखी बारीक नायक्रोमची तार, आणि बाहेर डिमरस्टॅट. करंट हळूहळू वाढवायचा आणि तारेकडे डोळे लावून बसायचं. आधी काहीच होत नाही. मग तारेवर एकेक मोत्यासारखा बुडबुडा दिसायला लागतो, मग बुडबुड्यांची झुंबड उडते, आणि अचानक पाण्याच्या आत तार लालभडक होते अन् तटकन तुटते. ॲमीटर शून्यावर. लॅबमधले मामा वैतागून नवी तार देतात. आमच्या बॅचने त्या दिवशी तीन तारा तोडल्या, त्यातल्या दोन माझ्या नावावर.

जर्नलमध्ये रीडिंग लिहून सही घेतली की विषय संपतो. पण माझा संपला नाही. पाण्यात बुडालेली तार लाल होतेच कशी? चहूबाजूंनी पाणी आहे, मग ती थंड का राहत नाही? या प्रश्नाच्या नादात मी लायब्ररीत गेलो आणि तिथून एका माणसाच्या आयुष्यात शिरलो. तो माणूस म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. त्यांचं नाव आपण शाळेपासून ऐकतो, फोटो प्रत्येक सायन्स हॉलमध्ये असतो. पण भाभांची पहिली पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची होती, हे आपल्या होस्टेलमध्ये किती जणांना माहीत आहे? मला तरी नव्हतं.

आधी बुडबुड्यांचं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

मी पारोळ्याचा. आमच्याकडे माय कळण्याची भाकरी टाकायच्या आधी तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडते. थेंब चर्र करून लगेच उडून गेला तर तवा बरोबर तापला. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत, पळत सुटला, तर तवा जास्त तापला, आच कमी करायची. गंमत बघा, जास्त तापलेल्या तव्यावरचा थेंब जास्त वेळ टिकतो! 1756 साली लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने लाल तापवलेल्या लोखंडी चमच्यात हेच पाहून लिहून ठेवलं. थेंबाच्या खाली त्याच्याच वाफेचा पातळ थर तयार होतो. वाफ ही उष्णतेची वाईट वाहक. त्या थरावर थेंब तरंगतो आणि तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाही.

आता तव्याऐवजी पाण्यात बुडालेला तापलेला पृष्ठभाग घ्या. साध्या वातावरणीय दाबाला पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर चार-पाच अंश असेपर्यंत पाणी नुसतं वर-खाली फिरतं. त्यापुढे पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचांमध्ये, जिथे थोडा वायू अडकून राहिलेला असतो, तिथे बुडबुडे जन्माला येतात. प्रत्येक बुडबुडा वाढताना सुप्त उष्णता घेतो, किलोला सुमारे 2257 किलोज्यूल. तो सुटून वर जाताना पृष्ठभागालगतचा गरम पाण्याचा थर ढवळून टाकतो आणि त्याच्या जागी थंड पाणी धावत येतं. म्हणजे बुडबुडा हा उष्णता वाहून नेणारा हमालच. यामुळे काही अंशांच्या फरकात प्रचंड उष्णता निघून जाते. पृष्ठभाग पाण्यापेक्षा साधारण तीस अंश जास्त तापला की एका चौरस मीटरमधून दहा लाख वॅटच्या आसपास उष्णता निघते. हीच कमाल मर्यादा.

या मर्यादेच्या पलीकडे बुडबुडे इतके होतात की ते एकमेकांत मिसळून पृष्ठभागावर वाफेचं पांघरूण घालतात. पाणी आत येऊ शकत नाही. उष्णता मागून येतच राहते, जायला वाट नाही, आणि पृष्ठभागाचं तापमान क्षणात शेकडो अंशांनी उडी मारतं. माझी तार तुटली ती यामुळे. जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी 1934 साली अशाच तारा पाण्यात तापवून उकळण्याचा हा आलेख पहिल्यांदा काढला. त्यांचीही नायक्रोमची तार वितळत होती, म्हणून त्यांनी प्लॅटिनम वापरलं. त्यांचा शोधनिबंध जपानी भाषेत होता. इंग्रजी भाषांतर आलं 1966 साली. हे साल लक्षात ठेवा.

होमी भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत, सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर. आत्या मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. घरात पुस्तकं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स, चित्रं. कॅथीड्रल स्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करत 1927 साली पोरगा केंब्रिजला गेला. घरच्यांचा हिशेब सरळ होता: मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत यायचं, आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरचा हिशेब यापेक्षा वेगळा असतो का?

पण केंब्रिजला गेल्यावर भाभांचं मन भौतिकशास्त्रात अडकलं. तो काळच तसा होता. क्वांटम मेकॅनिक्स नुकतंच जन्माला आलं होतं, डिरॅकसारखा माणूस तिथेच होता. 1928 साली त्यांनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की कारखान्यातली मोठी नोकरी हे आपलं काम नाही, आपल्याला फिजिक्सच करायचं आहे. वडिलांनी आदळआपट केली नाही. त्यांनी एक अट घातली. इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी पुढचा खर्च मी करतो. भाभांनी 1930 साली मेकॅनिकल ट्रायपॉस पहिल्या वर्गात पूर्ण केली, आणि वडिलांनीही शब्द पाळला. दोन वर्षांनी गणिताची ट्रायपॉसही पहिल्या वर्गात झाली.

हे वाचताना मी थांबलो. खरं सांगायचं तर बारावीनंतर मला बी.एस्सी. करायचं होतं. बाबा म्हणाले, इंजिनिअरिंग. आमच्यात पत्राबित्राचा प्रश्न नव्हता, ओट्यावर बसून दहा मिनिटांत निकाल लागला. तेव्हापासून मी ही डिग्री तोंड वाकडं करून करत होतो आणि सेकंड इयरला दोन विषय मागे ठेवले होते. भाभांनीही नको असलेला कोर्स केला, पण तो वाया जाऊ दिला नाही. ही गोष्ट मला चांगलीच लागली.

पुढची दहा वर्षं त्यांच्या संशोधनाची. 1935 साली डॉक्टरेट. त्याच वर्षी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. आजही जगभर त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. 1937 साली हाइटलर यांच्यासोबत वैश्विक किरणांचे वर्षाव कसे तयार होतात याचा सिद्धांत दिला. 1939 मध्ये सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीची वाट बंद. ते बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात रुजू झाले. 1941 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर परत जाता आलं असतं. त्यांनी जायचं नाही असं ठरवलं. मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत मागितली. त्या पत्रातला मुद्दा असा, की पुढच्या दोनेक दशकांत अणूपासून वीज तयार होईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. हिरोशिमाच्या दीड वर्ष आधीचं हे पत्र आहे! 1945 साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली, आधी बंगळुरूला आणि त्याच वर्षाअखेर मुंबईला. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग, भाभा अध्यक्ष. 1954 मध्ये ट्रॉम्बेचं काम सुरू.

आणि इथे तो जुना मेकॅनिकल इंजिनिअर पुन्हा जागा झाला. नुसता सैद्धांतिक माणूस कागदावर समीकरण मांडून थांबला असता. भाभांना पाया, पाइप, काँक्रीट, वेल्डिंग सगळ्यात रस होता. अप्सरा ही अणुभट्टी साध्या पाण्याच्या हौदात ठेवलेली. इंधन ब्रिटनमधून आलं, बाकीचं बरंचसं आपल्या इंजिनिअरांनी बांधलं. 4 ऑगस्ट 1956 रोजी ती सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. 1957 साली त्यांनी ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल काढलं. देशभरातले इंजिनिअर आणि सायन्सचे पदवीधर निवडायचे, वर्षभर कसून शिकवायचं आणि कामाला लावायचं. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर बार्कच्या परीक्षेची जाहिरात लागते, तिचं मूळ हे.

माणूस मोठा रसिकही होता. चित्रं काढायचा, ऑपेरा ऐकायचा. संस्थेच्या भिंतींसाठी तरुण भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घ्यायचा, बांधकामात झाड आडवं आलं तर ते तोडण्यापेक्षा मुळासकट दुसरीकडे लावायला सांगायचा. चुकाही केल्या. 1955 साली जिनेव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष असताना त्यांनी भाकीत केलं, की वीस वर्षांत संमीलनाची म्हणजे फ्यूजनची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. ते खरं ठरलं नाही.

आता बुडबुड्यांकडे परत येऊ.

अणुभट्टीत इंधनाच्या कांड्यांमधून उष्णता पाण्यात जाते. एक पद्धत अशी, की दाब इतका ठेवायचा की पाणी भट्टीत उकळणारच नाही, आणि वाफ दुसऱ्या भांड्यात करायची. दुसरी पद्धत म्हणजे पाण्याला कांड्यांवरच उकळू द्यायचं आणि ती वाफ टर्बाइनला द्यायची. सुरुवातीला शास्त्रज्ञ दुसऱ्या पद्धतीला बिचकत होते. कांड्यांमध्ये बुडबुडे येणार, जाणार, मग भट्टी स्थिर कशी राहणार? 1953 पासून अमेरिकेत आयडाहोच्या वाळवंटात मुद्दाम भट्ट्या उकळवून पाहिल्या गेल्या. दिसलं ते उलटंच. या भट्टीत पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि त्यामुळेच विखंडन चालू राहतं. उकळणं वाढलं की पाण्याच्या जागी वाफ येते, विखंडन मंदावतं आणि शक्ती आपोआप खाली येते. म्हणजे बुडबुडा हमालही आणि लगामही.

पण माझ्या तुटलेल्या तारेचा धोका तिथेही आहेच. तारेत करंट जसा उष्णता ढकलत राहतो, तसं कांडीत विखंडन ढकलत राहतं. मर्यादा ओलांडली आणि कांडीवर वाफेचं पांघरूण पडलं, तर झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं आवरण टिकणार नाही. म्हणून अशी भट्टी चालवण्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात येतं: पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाला त्सुनामीने पंप बंद पडले, पाणी उकळून संपलं, कांड्या उघड्या पडल्या आणि पुढचं सगळं जगाने पाहिलं. त्या भट्ट्याही पाणी उकळवणाऱ्याच जातीच्या होत्या.

भाभांनी 1960 च्या सुमारास पश्चिम भारतासाठी अणुवीज केंद्राच्या जागतिक निविदा मागवल्या. त्यांचं गणित असं होतं, की कोळशाच्या खाणी पूर्वेकडे, कारखाने पश्चिमेकडे. इतक्या लांब कोळसा वाहून आणण्यापेक्षा अणुवीज परवडेल. निवड झाली ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्यांची, प्रत्येकी 210 मेगावॅट. जागा तारापूर, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. 1964 साली करार झाला. सुमारे सत्तर पट वातावरणीय दाबाला, 285 अंशांच्या आसपास, तिथे पाणी उकळणार होतं.

हा निर्णय सोपा नव्हता. भाभांचा स्वतःचा आराखडा वेगळा होता. आपलं नैसर्गिक युरेनियम, मग त्यातून प्लुटोनियम, आणि शेवटी केरळच्या वाळूतलं थोरियम, अशा तीन टप्प्यांचा. तारापूरला मात्र समृद्ध युरेनियम लागणार, आणि ते अमेरिकेकडूनच येणार. स्वावलंबनाच्या गोष्टी करणारा माणूस तयार यंत्र विकत का घेतो, ही टीका तेव्हाही झाली. माझ्या समजुतीप्रमाणे भाभांना वेळ विकत घ्यायचा होता. व्यापारी पातळीवर अणुवीज कशी चालते हे आपल्या इंजिनिअरांनी हाताने चालवून शिकावं, आणि तोवर स्वतःच्या भट्ट्या उभ्या कराव्यात. त्याच सुमारास राजस्थानात कॅनडाच्या मदतीने नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीचं कामही त्यांनी सुरू करून दिलं होतं.

त्यांना उत्तर पाहायला मिळालं नाही. 24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं. 117 जण गेले, त्यात भाभा. वय अवघं 56. नुकियामांचा आलेख इंग्रजीत आला तो याच वर्षी. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं.

तारापूरच्या भट्ट्या 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. दोन दिवसांनी भाभांना साठ वर्षं पूर्ण झाली असती.

टीकाकारांची भीती खोटी नव्हती. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन द्यायला खळखळ सुरू केली आणि पुढे ते थांबलंच. 1982 च्या करारानंतर फ्रान्सने इंधन दिलं, नंतर इतर देशांकडून आलं. दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या, ते बंद करावे लागले आणि प्रत्येक भट्टीची क्षमता 160 मेगावॅटवर आली. पण हे सगळं निस्तरलं ते आपल्याच माणसांनी. ज्या पोरांना शिकायला मिळावं म्हणून हा घाट घातला होता, ती पोरं शिकली. 2019 साली तारापूरने पन्नास वर्षं पूर्ण केली. शेजारी 540 मेगावॅटच्या दोन भट्ट्या 2005 आणि 2006 साली वीज देऊ लागल्या, त्या नैसर्गिक युरेनियमच्या आणि आपल्याच डिझाइनच्या.

मी लहान असताना पारोळ्याला लोडशेडिंग म्हणजे रोजचंच. कंदिलाच्या उजेडात गृहपाठ केलेला आठवतो. वीज कुठून येते आणि का जाते, हा प्रश्न तेव्हा पडायचा. कुठे तरी लांब समुद्रकाठी कोणी तरी पाणी उकळतंय, बुडबुडे मोजतंय, आणि पृष्ठभाग कोरडा पडू देत नाहीये, हे तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, भाभांच्या वडिलांनी अट घातली होती, तुम्हीपण घाला. बाबा हसले. म्हणाले, त्यांच्या बापाकडे दुसऱ्या डिग्रीला पैसा होता भो, आपलं कापसाच्या भावावर आहे. हे खरंच आहे, आणि भाभांचं चरित्र वाचून ते बदलत नाही. पण थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, मागचे विषय काढ, चांगल्या मार्कांनी डिग्री घे, मग एम.एस्सी.चं बघू. बघू म्हणजे हो नाही, हे मलाही कळतं. तरी आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा आला.

परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हीट ट्रान्सफरच्या सरांना विचारून तो प्रयोग पुन्हा केला. या वेळी डिमरस्टॅट अगदी सावकाश फिरवला. बुडबुडे वाढत गेले, तार काळीच राहिली, आणि मर्यादेच्या जरा अलीकडे मी हात थांबवला. भांडं नुसतं खळखळत होतं. मामा म्हणाले, अरे, तोडत का नाही? म्हटलं, मामा, आज नाही तोडायची, आज नुसती बघायची आहे.

ते पण शेजारी येऊन उभे राहिले. पाच मिनिटं आम्ही दोघं बुडबुडे बघत होतो.